अन्ननलिकेचा कर्करोग: सुरीआधी कॅल्शियम, सोडियम आणि साखर

आधी भाकरीचा तुकडा अडकतो. मग पोळी वरणात भिजवून खाल्ली जाते, मग मऊ भात, मग पेज, आणि शेवटी चहासुद्धा घोट घोट. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे बरेच रुग्ण या उतरंडीच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तपासायला येतात. त्याला कारण आहे. ही नळी ताणली जाते, त्यामुळे गाठ बरीच मोठी होईपर्यंत घास कसाबसा उतरत राहतो. घरचे ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून दोन महिने काढतात आणि तोवर पँटचा पट्टा तीन भोकं आत गेलेला असतो.

निदान झालं की घरात एकच वाक्य ऐकू येतं: लवकरात लवकर ऑपरेशन करून टाका. भीती समजण्यासारखी आहे, पण या आजारात घाईच जास्त वेळा नडते. अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया पोट, छाती आणि बहुतेकदा मान अशा तीन जागी होते. उपाशी, सुकलेल्या आणि रक्तातले क्षार बिघडलेल्या शरीराला ती झेपत नाही. त्यात काही गाठी स्वतःच संप्रेरकांसारखे पदार्थ, म्हणजे हॉर्मोन, रक्तात सोडतात. मग रुग्ण गुंगतो, बडबडतो, लघवीला सारखा जातो, आणि घरच्यांना वाटतं की अशक्तपणा आहे किंवा त्याने मनाला लावून घेतलंय. हा लेख मुख्यतः त्या बिघाडांविषयी आहे. ते ओळखायचे कसे, सर्जनपुढे जाण्याआधी दुरुस्त कसे करून घ्यायचे आणि शस्त्रक्रियेनंतर ते कुठे पुन्हा डोकं वर काढतात, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम: रिपोर्ट वाचायला शिका

एंडोस्कोपीच्या कागदावर ‘वाढ २८ सेंटीमीटरवर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे अंतर पुढच्या दातांपासून मोजतात. अन्ननलिका साधारण १५ सेंटीमीटरवर सुरू होते आणि ४० च्या आसपास जठराला मिळते. श्वासनलिका सुमारे २५ सेंटीमीटरवर दुभंगते. गाठ त्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर ती श्वासनलिकेत घुसलेली नाही ना, हे पाहायला ब्रॉन्कोस्कोपी करावी लागते. ती कुणी सांगितली नसेल तर विचारा.

दुसरा महत्त्वाचा कागद बायोप्सीचा. आपल्याकडे जास्त आढळतो तो स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. तो वरच्या आणि मधल्या भागात होतो आणि तंबाखू, गुटखा, दारू यांच्याशी जोडलेला असतो. मशेरी लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतात, म्हणून मशेरीविषयी वेगळं विचारावं लागतं. ६५ अंशांपेक्षा गरम पेय सतत पिणं हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये संभाव्य कारणांत घातलं. दुसरा प्रकार ॲडिनोकार्सिनोमा. तो खालच्या टोकाला होतो आणि जुनी जळजळ, लठ्ठपणा यांच्याशी त्याचं नातं आहे. तिसरा दुर्मीळ, पण आपल्या विषयाला महत्त्वाचा: स्मॉल सेल किंवा न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं सोडू शकणाऱ्या पेशींचा.

गाठीच्या प्रकारावरून कोणत्या बिघाडाकडे लक्ष ठेवायचं ते ठरतं. स्क्वॅमस असेल तर कॅल्शियम, स्मॉल सेल असेल तर सोडियम आणि कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी शरीराला लागणारं संप्रेरक). साखर मात्र सगळ्यांचीच पाहायची.

पेट-सीटी आजार कुठवर पसरला आहे ते सांगतो. त्या दिवशी रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर चित्र नीट येत नाही आणि पुष्कळ केंद्रं रुग्णाला परत पाठवतात. मधुमेही रुग्णाने तारीख घेतानाच औषधं कशी घ्यायची ते विचारून ठेवलं तर बारामतीहून किंवा जुन्नरहून मारलेली खेप वाया जात नाही.

कॅल्शियम: ‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवतो तो इथे

काही स्क्वॅमस गाठी पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं एक प्रथिन तयार करतात. ते हाडांना कॅल्शियम सोडायला लावतं आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकू देत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, लघवी वाढते, शरीर सुकतं आणि सुकलेल्या शरीरात कॅल्शियम आणखी वर जातं. एरवी माणूस तहान लागली की पाणी पिऊन हे काहीसं सावरतो. इथे पाणीच गळ्याखाली उतरत नाही, म्हणून या आजारात ही घसरण फार वेगाने होते.

लक्षणं: तोंडाला कोरड, सारखी लघवी, मळमळ, घट्ट बद्धकोष्ठ, स्नायूंत जीव नसणं, मग गुंगी आणि असंबद्ध बोलणं. यातलं प्रत्येक लक्षण ‘खात नाही म्हणून’ या एका वाक्यात झाकलं जातं.

आता फसगत कुठे होते ते पाहा. रक्तातलं निम्मं कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. उपाशी रुग्णात अल्ब्युमिन कमी असतं, त्यामुळे एकूण कॅल्शियमचा आकडा खोटा कमी दिसतो. हिशेब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उत्तराला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. समजा कॅल्शियम १०.४ आहे. प्रयोगशाळेची मर्यादा ८.५ ते १०.५, म्हणजे कागदावर कुठलीही खूण नाही. अल्ब्युमिन आहे २.२. मग ४ वजा २.२ म्हणजे १.८, गुणिले ०.८ म्हणजे १.४४. खरं कॅल्शियम झालं ११.८. खूण नसलेल्या रिपोर्टमागे उपचार लागणारा रुग्ण असू शकतो. शंका असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, कॅल्शियम मोजून घेतात.

वाढ पक्की झाली की पुढची तपासणी पीटीएच, म्हणजे खऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकाची. ते दबलेलं असेल तर कॅल्शियमची वाढ गाठीमुळे आहे असं मानायला आधार मिळतो. ते वाढलेलं असेल तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा वेगळाच, बहुधा साधा आजार सोबत आहे आणि मग कॅन्सर हाडांत गेला असं समजून हातपाय गाळायचं कारण नाही. गाठीच्या त्या प्रथिनाचीही चाचणी होते, पण तिचा नमुना बर्फात जपून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि उत्तराला दिवस लागतात. उपचार तिच्यासाठी थांबवत नाहीत.

उपचाराचा क्रम ठरलेला आहे. आधी नॉर्मल सलाईन, हृदय आणि मूत्रपिंड झेपवतील तसं, सुरुवातीला तासाला २०० ते ३०० मिलिलिटर. मग झोलेड्रोनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत शिरेतून. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर मात्रा कमी करतात किंवा त्याऐवजी डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम त्वचेखाली देतात. झोलेड्रोनिकचा परिणाम दिसायला २ ते ४ दिवस लागतात. कॅल्शियम १४ च्या वर किंवा रुग्ण गुंगलेला असेल तर मधल्या काळासाठी कॅल्सिटोनिनची इंजेक्शनं देतात. ती तासांत काम करतात, पण ४८ तासांनंतर त्यांचा जोर ओसरतो. झोलेड्रोनिकनंतर दिवसभर ताप आणि अंगदुखी येऊ शकते, त्याने घाबरू नका. दात किडलेले, हलणारे असतील तर ते मात्र आधीच सांगा, कारण या औषधानंतर दात काढला तर जबड्याचं हाड बरं होत नाही असं काही वेळा होतं.

घरी काय बंद करायचं? कॅल्शियमच्या गोळ्या, ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणून आणलेली ड जीवनसत्त्वाची पुडी, आणि ब्लडप्रेशरच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर तीही, अर्थात डॉक्टरांना दाखवून. दूध बंद करून काही साधत नाही. या बिघाडात कॅल्शियम हाडांतून येतं, ताटातून नाही.

दुरुस्त केलेला आकडा १२ च्या वर असेल तर तातडी नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलणं शहाणपणाचं, कारण भुलेखाली हृदयाचे ठोके बिघडतात. आणि एक कटू गोष्ट: गाठीमुळे वाढलेलं कॅल्शियम हे बऱ्याचदा आजार जास्त पसरल्याचं लक्षण असतं. म्हणून अशा रुग्णाचा पेट-सीटी नीट पाहिल्याशिवाय मोठ्या ऑपरेशनची तारीख घेऊ नये.

सोडियम आणि कॉर्टिसॉल

स्मॉल सेल गाठी पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडू शकतात. शरीरात पाणी साठतं आणि सोडियम पातळ होतं. १३५ ते १४५ ही नेहमीची मर्यादा. १२५ च्या खाली डोकेदुखी, उलटी, गोंधळ, आणि आणखी खाली झटके. इथे घरचे मायेने चूक करतात. ‘मीठ कमी झालंय’ म्हटलं की लिंबूपाणी, नारळपाणी, इलेक्ट्रॉल यांचा मारा सुरू होतो. मीठ कमी नसून पाणी जास्त झालेलं असतं. त्यामुळे दिवसाचं एकूण द्रव ८०० ते १००० मिलिलिटरवर आणावं लागतं आणि नळीतून आहार असेल तर तो घट्ट, जास्त कॅलरीचा करावा लागतो. पण उलट्या आणि उपासमारीने सुकलेल्या रुग्णातही सोडियम उतरतं, आणि त्याला सलाईनच लागतं. दोहोंतला फरक लघवीतलं सोडियम, लघवी व रक्ताची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे ते किती घट्ट किंवा पातळ आहे), थायरॉइड आणि सकाळचं कॉर्टिसॉल पाहून ठरतो. नुसत्या आकड्यावरून बाटली लावू नये.

झटके येत असतील तर ३ टक्के सलाईन १०० ते १५० मिलिलिटर तातडीने देतात. एरवी सोडियम २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. ते घाईने चढलं तर मेंदूच्या मध्यभागातल्या चेतातंतूंचं आवरण उतरतं आणि काही दिवसांनी हात-पाय, बोलणं जातं. कुपोषित आणि दारू पिणाऱ्या रुग्णाला हा धोका सर्वांत जास्त, आणि आपला रुग्ण नेमका तोच असतो.

याच जातीच्या गाठी क्वचित कॉर्टिसॉल वाढवणारं एसीटीएच सोडतात. काही आठवड्यांत साखर आणि ब्लडप्रेशर उसळतं, पोटॅशियम घसरतं, मांड्यांतलं बळ जातं. अशा वेळी आधी कॉर्टिसॉल औषधाने खाली आणतात. स्मॉल सेलमध्ये शस्त्रक्रिया हा सहसा पहिला उपचार नसतो, केमो आणि रेडिएशन असतात. तेव्हा ‘ऑपरेशनला नकार दिला’ म्हणून दवाखाने बदलत फिरू नका.

भरवण्याची घाई

गाठीने न सोडलेलं, पण तितकंच जीवघेणं एक संप्रेरक इन्सुलिन. पंधरा दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला नळी घातली की पहिल्याच दिवशी घरचे भरभरून दूध, ज्यूस, ग्लुकोज घालतात. साखर येताच इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. दोन-तीन दिवसांत सूज, धाप, हृदयाची लय बिघडणं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

टाळायची रीत अशी. अन्न सुरू करण्याआधी आणि कोणतंही डेक्स्ट्रोज लावण्याआधी थायमिन, रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी किलोमागे १० कॅलरी, अगदीच हाडांचा सापळा असेल तर ५. पंचेचाळीस किलोंच्या रुग्णाला म्हणजे ४५० कॅलरी. चार ते सात दिवसांत चढवत किलोमागे ३० पर्यंत, म्हणजे १३५० वर न्यायचं. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅम, सुमारे ६८ ग्रॅम. पहिला आठवडा फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासायचं. फॉस्फरसची चाचणी नेहमीच्या यादीत नसते, वेगळी लिहून घ्यावी लागते.

‘एक सलाईन लावा, ताकद येईल’ या समजाचाही हिशेब करू. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराहून कमी कॅलरी. ताकद सोडा, त्यात एका भाकरीचीही भरपाई नाही.

अन्न पोचवायचं कसं, हा सर्जनला आधी विचारून घ्यायचा प्रश्न आहे. नाकातून बारीक नळी चालते, लहान आतड्यातली जेजुनोस्टोमी उत्तम. थेट जठरात घातलेली पेग नळी शक्यतो टाळतात, कारण पुढे त्याच जठराची नवी अन्ननलिका करायची असते. बरा होण्याजोगा आजार असताना जाळीचा स्टेंट टाकून घेणंही बहुतेक सर्जनना मान्य नसतं, तो शस्त्रक्रियेच्या वेळी अडचण करतो. घाईत गावाकडे स्टेंट बसवून पुण्याला आलेला रुग्ण ही सर्जनची डोकेदुखी असते.

ऑपरेशनआधीचे आठवडे

जागेवर वाढलेल्या स्क्वॅमस आजारात थेट ऑपरेशन क्वचितच करतात. आधी केमो-रेडिएशन: आठवड्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन असे ५ डोस, सोबत एकूण ४१.४ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन २३ भागांत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॉस चाचणीत या पद्धतीनंतर काढलेल्या स्क्वॅमस नमुन्यांपैकी ४९ टक्क्यांत जिवंत कर्करोग उरलाच नव्हता. खालच्या टोकाच्या ॲडिनोकार्सिनोमात आता फ्लॉट ही चार औषधांची केमो शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर देण्याकडे कल आहे. सव्वा महिना रोज रेडिएशनला यायचं, म्हणून बाहेरगावच्यांनी मुक्कामाची सोय आधी लावावी. रोज एसटीने ये-जा करून वजन घटवून घेण्यात अर्थ नाही.

हाच काळ पैशाच्या कागदांचा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर. पूर्वमंजुरी शस्त्रक्रियेआधी लागते आणि ती अडते ती बहुतेक आधार व रेशनकार्डावरच्या नावांत फरक असल्यामुळे. पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हातात ठेवूनच समाजसेवा विभागात जा. ससून आहेच, आणि दुसरं मत हवं असेल तर परळचं टाटा आहे. कुठेही जा, पण सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे वर्षाला अशा किती अन्ननलिका काढल्या जातात? नेदरलँड्समध्ये वर्षाला २० पेक्षा कमी करणाऱ्या रुग्णालयांना हे ऑपरेशन करू देत नाहीत. हा प्रश्न उद्धट नाही.

पॅक्लिटॅक्सेलसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात आणि त्या दिवशी व पुढचे एक-दोन दिवस साखर उसळते. सकाळची उपाशीपोटीची साखर बरी दिसते, म्हणून दुपारी-संध्याकाळी मोजा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी बंद, आणि खाणं फार कमी झालं असेल तर त्याहून खूप आधी. या गोळ्यांमुळे साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

सांधेदुखी किंवा दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर किंवा अधिक घेतलं असेल, तर कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी झोपलेल्या असू शकतात. भुलेच्या ताणात त्या कॉर्टिसॉल देऊ शकत नाहीत आणि ब्लडप्रेशर कोसळतं. भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि पुढच्या २४ तासांत २०० मिलिग्रॅम हा त्याचा उपाय. ‘आयुर्वेदिक पुड्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड सापडतं. पुडी घेऊन चार दिवसांत गुडघे हलके झाले असतील तर ती भूलतज्ज्ञाला दाखवाच. थायरॉइडची गोळी मात्र ऑपरेशनच्या दिवशीही चालू ठेवतात.

उरलेल्या वेळात तंबाखू किमान ४ आठवडे पूर्ण बंद, तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (खोल श्वास ओढायचं साधन) जागेपणी दर तासाला दहा वेळा, आणि रोज चालणं. न थांबता दोन-तीन मजले चढता येणं ही फुप्फुसांची चांगली घरगुती परीक्षा. पर्वतीच्या पायऱ्यांचा हट्ट नको, सारसबागेतल्या सपाट फेऱ्या पुरतात.

शस्त्रक्रिया: काय काढतात, काय जोडतात

मधल्या-वरच्या गाठीसाठी बहुधा मॅककीऑन पद्धत. उजव्या छातीतून अन्ननलिका आणि भोवतीच्या लसीका गाठी (लिम्फ नोड) सोडवतात, पोटातून जठराची सुमारे ४ ते ५ सेंटीमीटर रुंद नळी शिवतात आणि ती वर ओढून मानेत जोडतात. खालच्या गाठीसाठी आयव्हर लुईस पद्धत, त्यात जोड छातीत असतो. जठराची नळी जगते ती प्रामुख्याने उजवीकडच्या गॅस्ट्रोएपिप्लॉइक या एका रक्तवाहिनीवर. तिचं वरचं टोक, जिथे जोड येतो, तिथेच रक्त सर्वांत कमी पोचतं. जोड गळण्याचं मूळ इथे आहे, आणि भुलेच्या काळात ब्लडप्रेशर पडू न देणं इतकं महत्त्वाचं का, तेही. मानेतला जोड जास्त वेळा गळतो पण बाहेर येतो आणि निभावतो. छातीतला कमी वेळा गळतो, पण गळला तर जिवावर बेततो.

दुर्बिणीतून केल्यास फुप्फुसांचा संसर्ग कमी होतो. २०१२ च्या ‘टाइम’ नावाच्या चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांत तो उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के आणि दुर्बिणीनंतर ९ टक्के होता. किमान १५ लसीका गाठी तपासायला जाव्यात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर हा आकडा शोधा.

वॉर्डातले दिवस

रुग्ण बाहेर येतो तो छातीतली नळी, नाकातली नळी, लघवीची नळी आणि पोटावरची आहाराची नळी घेऊन. पाचव्या ते दहाव्या दिवसांत ताप, नाडी १०० च्या वर, मानेच्या टाक्यांतून लाळ, छातीच्या नळीतून गढूळ द्रव, यांतलं काहीही आलं तर जोड गळतोय असं धरून चालतात. नाडी अचानक अनियमित होणं हीसुद्धा कधी गळतीचीच पहिली चाहूल असते. आहार सुरू झाल्यावर छातीच्या नळीतून दुधासारखा द्रव आला तर लसीकावाहिनी दुखावली आहे. मग नेहमीची चरबी बंद करून लसीकेऐवजी थेट रक्तात शोषल्या जाणाऱ्या एमसीटी तेलाचा आहार देतात, आणि रोज लिटरभर येत राहिलं तर पुन्हा शस्त्रक्रिया करून ती वाहिनी बांधतात. आवाज घोगरा झाला तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. अशा रुग्णाला पाण्याचा घोट देऊ नका, तो फुप्फुसात जातो.

साखर १४० ते १८० मध्ये ठेवतात. सर्वांत धोकादायक क्षण तो, जेव्हा आहाराची नळी तुंबून किंवा तपासणीसाठी आहार थांबतो आणि इन्सुलिन चालूच राहतं. आहार थांबला की लगेच सिस्टरना सांगा, एवढं काम घरच्यांचं. नळी तुंबते ती कुटलेल्या गोळ्यांमुळे, म्हणून दर ४ ते ६ तासांनी आणि प्रत्येक औषधाआधी-नंतर ३० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी. थायरॉक्सिन नळीतून देताना आधी-नंतर तासभर आहार थांबवा, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही.

घरी आल्यावर

भूक लागत नाही ही पहिली तक्रार, आणि ती मनाची नाही. भुकेचं संप्रेरक घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. त्यातला काही भाग कापला गेला, वेगस नसही गेली. तेव्हा भुकेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून खायचं, दिवसातून सहा ते आठ वेळा वाटीभर: मऊ खिचडी, अंडं, दह्यात कालवलेला भात, मुगाचं घट्ट कढण, शेंगदाण्याचं बारीक कूट. पाणी जेवणासोबत नको, अर्धा तास आधी किंवा नंतर. झोपताना उशा रचण्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, उशांनी पोट दुमडतं.

खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, जुलाब झाले तर तो लवकरचा डंपिंग. एक ते तीन तासांनी हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उशिराचा: गोड पदार्थ झटकन आतड्यात उतरतो, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर पडते. त्या क्षणी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, आणि लगेच मागोमाग अंडं किंवा पनीर, नाहीतर त्याच साखरेवर इन्सुलिन पुन्हा उसळतं. उसाचा रस, जिलेबी, श्रीखंड, रिकाम्या पोटी गोड चहा हे नेहमीचे अपराधी. एवढ्याने भागलं नाही तर अकार्बोज आणि पुढे ऑक्ट्रिओटाइड ही औषधं आहेत. घास पुन्हा अडकायला लागला तर मात्र घाबरून आजार परतला असं ठरवू नका. जोडाची जागा आकसणं जास्त वेळा घडतं आणि ती एंडोस्कोपीतून रुंद करता येते.

केमो-रेडिएशननंतर काढलेल्या नमुन्यात कर्करोग उरलेला असेल तर वर्षभर निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध देण्याचा पर्याय सांगतात. औषध महाग आहे, आणि ते थायरॉइड, पिट्युटरी किंवा अधिवृक्क ग्रंथीवर शरीराची स्वतःची फौज उलटवू शकतं. दर ४ ते ६ आठवड्यांनी टीएसएच आणि टी-४ या थायरॉइडच्या चाचण्या पाहतात. न समजणारा थकवा, पडलेलं ब्लडप्रेशर, उतरलेलं सोडियम दिसलं तर सकाळी ८ चं कॉर्टिसॉल. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी निघाले तर आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि मगच थायरॉक्सिन. क्रम उलटा झाला तर रुग्ण कोसळतो. रुग्ण घरी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी घेत असेल तर उलट्या सुरू होताच इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

बी-१२ आणि लोह वर्षातून एकदा तपासा. ड जीवनसत्त्वही बहुतेकांचं कमी निघतं, पण ज्याचं कॅल्शियम आधी वाढलं होतं त्याला ६०,००० युनिटची पुडी चाचणीशिवाय देऊ नका. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी दाखवायला जाताना त्याच्या चिठ्ठीवर कॅल्शियमशेजारी अल्ब्युमिन लिहून घ्या. दुरुस्त केलेला आकडा पुन्हा चढू लागला आणि पीटीएच दबलेलं निघालं, तर वजन घटायची वाट न पाहता स्कॅनची तारीख मागा.